नगरसेवक निवडून आले, आता अंदाजपत्रक वाचा

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या जिल्ह्यातील सहा नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मिरवणुका निघाल्या, वस्त्यावस्त्यांत सत्कार झाले. पण पुढच्या पाच वर्षांत आपल्या वस्तीत काय होणार, हे कोण ठरवणार, यावर मात्र फारशी चर्चा नाही.

आधीची सभागृहे २०१६ च्या अखेरीस निवडून आली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाचे कलम २४३ यू सांगते. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात जवळपास चार वर्षे प्रशासकराज राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर निवडणुकांना गती आली. या काळात ठराव प्रशासकानेच करायचा आणि मंजूरही त्यानेच करायचा. सभागृहात उभे राहून जाब विचारणारा कोणी नव्हता. त्यामुळे नव्या सभागृहाचे पहिले अंदाजपत्रक महत्त्वाचे आहे.

नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. १९९९ मध्ये जकात गेल्यापासून शासकीय अनुदानावरचे अवलंबित्व वाढले. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ सुरू होतो. म्हणजे नवे सभागृह आणि निधीचे नवे चक्र जवळपास एकाच वेळी सुरू होत आहे. पाच वर्षांचे नियोजन करायला याहून चांगली वेळ नाही.

स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दुर्बल घटकांसाठी, ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावी, असे शासनाचे आदेश आहेत. त्याशिवाय नागरी दलित वस्ती सुधार योजनेचा निधी वेगळा येतो. मग हा पैसा जातो कुठे? वस्त्यांमध्ये काम करताना ठरावीक उत्तर दिसते: सिमेंट रस्ता, नाली, पेव्हर ब्लॉक, सभामंडप. ही कामे नकोत असे नाही. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अभ्यासिका लागते, घरकामाला जाणाऱ्या बायांना पाळणाघर लागते, सफाई कामगारांना सुरक्षिततेची साधने लागतात. या गोष्टी यादीत येत नाहीत, कारण त्या कोणी मागितलेल्याच नसतात. वस्तीने ध्येय ठरवले नाही तर ते कंत्राटदार ठरवतो.

नुसत्या ठरावाची किंमत किती, हे आपल्याला महाडने शिकवले आहे. बोले ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्याला अर्थ आला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. पाठीशी जागे लोक आणि टिकणारे नेतृत्व नसेल तर मिळालेला हक्कही सभागृह परत घेऊ शकते.

इथे नेतृत्वाच्या वारशाचा प्रश्न येतो. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, पण प्रभाग फिरते असतात. आज राखीव असलेला प्रभाग पुढच्या वेळी खुला होऊ शकतो. मग पाच वर्षे शिकलेला नगरसेवक बाहेर बसतो आणि नवा माणूस शून्यापासून सुरुवात करतो. मुख्याधिकारीही बदलून जातात. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी अनेक ठिकाणी सभेची तयारी, फाइल आणि फोन नवऱ्याच्याच हातात असतो. पक्ष तिकीट देतो, पण दुसरी फळी तयार करत नाही. ते काम समाजालाच करावे लागेल.

ते करता येण्यासारखे आहे. प्रत्येक प्रभागात पाच-सहा तरुण-तरुणींचा अभ्यासगट करा, त्यात निम्म्या मुली असू द्या. वस्तीच्या पाच गरजा ठरवून अंदाजपत्रकाआधी लेखी द्या आणि पोच घ्या. राखीव निधीचा तीन वर्षांचा हिशेब आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. नगरसेविकेशी थेट बोला, तिच्या पतीशी नव्हे. दर सहा महिन्यांनी विहारात हिशेबाची बैठक घ्या आणि नगरसेवकाला तिथे बोलवा. सगळी कागदपत्रे एका फाइलमध्ये ठेवा, म्हणजे माणूस बदलला तरी काम तुटणार नाही.

पुढचा उमेदवार या गटातून येईल किंवा येणारही नाही. पण जो कोणी येईल, त्याला प्रश्न विचारणारे लोक आधीपासून तयार असतील.