बैठकीचा खर्च गावाने उचलावा

दिवाळी सरली की पुणे, मुंबई आणि नागपूर येथील संगीतसभांच्या कार्यक्रमपत्रिका बाहेर पडू लागतात आणि होळीपर्यंत मैफलींचा हंगाम भरात असतो. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव आज सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव या नावाने भरतो आणि हजारो श्रोते मांडवात बसून तो ऐकतात. उन्हाळा लागला की हा हंगाम ओसरतो. या साऱ्या वेळापत्रकात वणा नदीकाठच्या हिंगणघाटसारख्या, लाखभर वस्तीच्या कापूसगावाला हक्काची जागा नाही. तेथे काही रसिकांनी पदरमोड करून एखादी बैठक घडवून आणली, तर ती त्यांची सदिच्छा. पुढील वर्षी ती होईल याची हमी कोणी देत नाही, आणि ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे असे गावालाही वाटत नाही.

येत्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, हिंगणघाटच्या नगर परिषदेने स्वखर्चाने सात-आठ बैठकींचा हंगाम का भरवू नये? हा प्रश्न मांडताच दोन बाजूंनी हरकत घेतली जाईल. एक हरकत बाजारपेठेच्या पूजकांची असेल आणि दुसरी समाजवादी चळवळीच्या आतलीच असेल. दोहोंचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

बाजारवाद्यांचे म्हणणे सरळ आहे. ज्याला गाणे ऐकावयाचे असेल त्याने तिकीट काढावे. तिकिटे खपली नाहीत तर गावाला गाणे नको आहे असे समजावे. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या नावाने केला जातो, परंतु अर्थशास्त्रानेच त्याला उत्तर दिलेले आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहारावर ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखला घेतला तो चार तंतुवादकांच्या चौकडीचा. शूबर्टची पाऊण तासाची रचना वाजवायला चार माणसांचे मिळून तीन तास शंभर वर्षांपूर्वी लागत होते आणि आजही तेवढेच लागतात. कारखान्यात यंत्र सुधारले की दर माणसामागे उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतन वाढण्यास वाव मिळतो. वादकालाही त्याच समाजात जगावयाचे असल्याने त्याचे मानधन वाढणे भागच असते. मात्र त्याच्या कामाचा वेळ कमी करता येत नाही. म्हणून सजीव संगीताचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत सतत वाढत जातो आणि तिकिटाचे उत्पन्न त्याच्या मागे पडत जाते. यात कलावंताचा आळस नाही आणि श्रोत्याचा अरसिकपणाही नाही. तो या कामाचा स्वभाव आहे.

हिंगणघाटला हे समजावून सांगण्यास परदेशी दाखल्याचीही आवश्यकता नाही. येथील कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात एक प्रत म्हणून चालत असे. बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी येथे १८८१ साली सुरू झाली. त्या वेळी एक कामगार दिवसभरात जेवढे सूत काढी, त्याच्या कितीतरी पट सूत आजचा कामगार काढतो. पण ख्यालाची विलंबित लय चक्राकार चात्यांवर चढवता येत नाही. समजा, एका शाळेच्या सभागृहात दीडशे माणसे बसली आणि प्रत्येकाने शंभर रुपये दिले, तर पंधरा हजार रुपये जमतील. त्यात गायक, तबलजी, संवादिनीवादक आणि तंबोऱ्यावरचे दोघे अशा पाच जणांचा प्रवास, निवास आणि मेहनताना भागवावयाचा, शिवाय सभागृहाचे वीजबिल भरावयाचे. तिकीट पाचशे रुपये केले तर हिशेब जुळेल, पण जिनिंगमधला कामगार आणि शाळेतला शिपाई दाराबाहेर राहील. श्रोते पंधरा हजार केले तर मैदान लागेल, ध्वनिवर्धकांच्या भिंती उभाराव्या लागतील, आणि ज्या जवळिकीसाठी बैठक असते तीच नाहीशी होईल.

यावर बाजारवादी प्रायोजकाचे नाव पुढे करतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृती यांचाही समावेश आहे. परंतु पैसा कोठे आणि कशावर घालावयाचा हे कंपनीचे संचालक ठरवतात. ज्या शहरात त्यांचे ग्राहक आणि त्यांची प्रतिष्ठा आहे तेथेच तो जाणार, आणि ज्या नावांना आधीच प्रसिद्धी आहे त्यांच्याच पदरात पडणार, यात नवल ते काय? आपल्या मालाची जाहिरात साधण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व या खात्यात धरू नये असा नियम सरकारला करावा लागला, यातच दात्यांच्या वृत्तीची साक्ष आहे. दानावर चालणारा हंगाम दात्याच्या मर्जीने सुरू होतो आणि त्याच्या मर्जीने बंद पडतो.

आता चळवळीतील मित्रांची हरकत. ती अधिक गंभीर आहे, कारण ती करुणेपोटी उद्भवते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. जेथे कापूस पिकवणारा गळफास घेतो तेथे राग-रागिण्यांचे सोहळे कशाला? शिवाय हे संगीत सरंजामदारांच्या दिवाणखान्यात वाढले आणि त्याची दारे बहुजनांना बंद राहिली; मग जनतेच्या पैशाने ते पोसावे का?

या हरकतीचा दुसरा भाग आधी तपासू. संगीत दरबारात वाढले हे खरे. उस्ताद अल्लादिया खाँ यांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय लाभला तसा तो इतर अनेकांना इतर संस्थानांत लाभला. पण संस्थानिकाच्या खजिन्यात पैसा येत होता कोठून? तो रयतेच्या शेतसाऱ्यातून येत होता. म्हणजे या संगीताचे खरे आश्रयदाते शेतकरीच होते. त्यांनी किंमत चुकवली आणि ऐकावयास मात्र त्यांना कोणी बोलावले नाही. ज्या ठेव्याचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पूर्वजांनी भरले, तो सरंजामी म्हणून झिडकारणे म्हणजे लुटीवर आपल्याच हाताने पावती फाडून देणे होय. संस्थाने विलीन झाल्यावर आकाशवाणी हीच कलावंतांची सर्वांत मोठी आश्रयदाती ठरली. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, रेडिओ संगीत संमेलन १९५४ पासून भरू लागले, आणि सार्वजनिक पैशातून खेडोपाडी गाणे पोहोचू शकते हे सिद्ध झाले. लोकशाहीने दरबाराची जागा घेतली ती तेथे. ते पाऊल अर्ध्यावर थांबले, हे दुःख आहे.

राहिला पहिला भाग. हमीभाव, सिंचन आणि कर्जमुक्ती यांच्या मागण्या एका बैठकीच्या खर्चामुळे अडलेल्या नाहीत. त्या कोणामुळे अडल्या आहेत हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास स्वतःचे, ही जगभरच्या कामगार चळवळीची जुनी घोषणा आहे. भारतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आठवड्याचे ४८ तास करण्याच्या कायद्याची तयारी झाली आणि १९४६ साली तो संमत झाला. ते उरलेले तास मिळवण्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. त्या तासांत गरिबाने काय करावे, याचा निर्णय चळवळ दारूच्या दुकानावर आणि मोबाइलच्या पडद्यावर सोपवून मोकळी होणार काय? श्रीमंताला भाकरीही हवी आणि गाणेही हवे. गरिबाला मात्र भाकरी पुरेशी आहे, असे म्हणणे ही गरिबीची नवी व्याख्या झाली.

या जिल्ह्याला तर गाण्याचे बळ पुस्तकातून शिकावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने १९४२ साली आष्टी आणि चिमूर येथील माणसे जागी केली आणि ब्रिटिश सरकारने त्यांना तुरुंगात डांबले. आंबेडकरी जलशांनी वस्त्यावस्त्यांत स्वाभिमान पेरला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट यांच्यासारखे कवी आणि निळू फुले यांच्यासारखे नट लोकांपुढे आले. म्हणून हिंगणघाटचा हंगाम केवळ ख्यालगायनाचा असू नये. एका रात्री खंजिरी भजन, एका रात्री जलसा, एका रात्री सतार, एका रात्री ख्याल, आणि सर्वांना मानधनाची एकच मोजपट्टी. खंजिरीवाल्याला नारळ-शाल आणि पंडिताला पाकीट, ही संगीतातली वर्णव्यवस्था सार्वजनिक पैशाने तरी पोसू नये. मुख्य कलाकार आणि साथीदार यांच्या मेहनतान्यातील दरीही याच न्यायाने कमी करावी. कलावंत हा असंघटित कामगार आहे, हे चळवळीने अद्याप मनापासून स्वीकारलेले नाही. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देते आणि २०२४ साली ते पाच हजार रुपये झाले. पण उमेदीच्या काळात काम मिळाले असते तर म्हातारपणी अर्ज घेऊन फिरण्याची पाळी कितीकांवर आली असती?

हे स्वप्नरंजन आहे असे वाटणाऱ्यांनी फिनलंडमधील कुहमो या गावाकडे पाहावे. रशियाच्या सीमेजवळ, जंगलाच्या कुशीत वसलेले हे गाव हिंगणघाटच्या दहाव्या हिश्शाएवढेही नाही. सेप्पो किमानेन या तरुण चेलोवादकाने १९७० साली तेथे छोट्या वाद्यमेळांचा उन्हाळी महोत्सव सुरू केला. आरंभी तो शाळेच्या सभागृहात भरे; १९९३ साली गावात स्वतंत्र कलाभवन उभे राहिले, आणि आजही दर जुलैत जगभरचे वादक तेथे येतात. राजधानीने गावाला बोलावण्याची वाट गावाने पाहिली नाही.

हिंगणघाटात कायद्याची अडचण नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांमध्ये सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक अंगांच्या संवर्धनाचा तेराव्या क्रमांकावर स्पष्ट उल्लेख आहे. वाचनाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे तत्त्व पूर्वीच मान्य केले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, तेव्हा ज्याला पुस्तक हवे त्याने ते विकत घ्यावे, असे राज्याने म्हटले नाही. गाण्याला वेगळा न्याय का?

तेव्हा कार्यकर्त्यांनी नगर परिषदेपुढे चार मागण्या ठेवाव्यात. अंदाजपत्रकात बैठकींसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, म्हणजे नेता बदलला तरी हंगाम बुडणार नाही. मे महिन्यात रिकामी असणारी शाळांची सभागृहे रात्री नऊनंतर, ऊन उतरल्यावर, विनामूल्य मिळावीत. प्रवेशमूल्य नाममात्र असावे आणि पहिल्या रांगा आधी येणाऱ्यांच्या असाव्यात. मान्यवरांसाठी सोफे मांडू नयेत. कलावंतांची निवड आणि मानधन ठरवणाऱ्या समितीत गिरणी व जिनिंग कामगारांचे, शिक्षकांचे आणि भजनी मंडळांचे प्रतिनिधी असावेत, आणि हंगाम संपताच जमाखर्च नगर परिषदेच्या फलकावर लावावा.

मागणी लहान आहे. म्हणूनच ती नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागेल. नगर परिषदेचे अंदाजपत्रक उन्हाळ्यापूर्वी मंजूर होते. त्या सभेच्या आधी प्रभागाप्रभागांतून सह्यांची मोहीम काढणे, हे पक्षाच्या शाखेचे पहिले काम आहे.