गर्भात छोटा माणूस नसतो

दिवस गेल्याचे कळले की हल्ली मोबाईलवर एक ॲप घेतले जाते. या आठवड्यात बाळ खसखशीएवढे, पुढच्या महिन्यात लिंबाएवढे, शेवटी कलिंगडाएवढे. घरातली मोठी माणसे ॲप न उघडताच तेच सांगतात: देवाने सगळे आधीच करून ठेवलेले असते, आईने फक्त ते वाढवायचे. दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी समजूत एकच. गर्भ म्हणजे अगदी छोटा, पण पुरा माणूस. नऊ महिन्यांत त्याचे आकारमान वाढते, एवढेच. ही समजूत निरागस दिसते, पण ती चूक आहे, आणि तिची किंमत बहुतेक वेळा बाळाच्या आईकडून वसूल केली जाते. तिचा प्रतिवाद करायचा तर आतडे आणि फुफ्फुस यांच्यापासूनच सुरुवात करावी, कारण या मताला इतिहासात पहिला जबर तडाखा बसला तो आतड्यावरूनच.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. अठराव्या शतकातल्या युरोपात ‘जीव बीजात आधीच पूर्ण घडलेला असतो’ असे मानणारे लोक खुळे नव्हते. आल्ब्रेख्त फॉन हॅलर हा त्या काळचा सर्वांत मोठा शरीरशास्त्रज्ञ. 1758 साली त्याने कोंबडीच्या अंड्यावरून असा युक्तिवाद केला: पिल्लाच्या आतड्याचे आवरण आणि बलकाचे आवरण सलग आहे, एकातून दुसरे निघते. बलक तर अंडे फळण्याआधीपासून कोंबडीच्या पोटात होता. मग त्याला सलग जोडलेले आतडेही तेव्हापासून असलेच पाहिजे. आतडे आहे तर पिल्लू आहे. ते दिसत नव्हते, कारण ते पारदर्शक आणि सूक्ष्म होते. निरीक्षण खरे आणि तर्क चोख. आजही एखाद्या सभेत हा युक्तिवाद कोणी मांडला तर निम्मी सभा माना डोलवील.

आपल्याकडे हाच वाद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात फार आधी रंगला आहे. गर्भात आधी काय होते? शौनक म्हणतो डोके, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, सुभूती गौतम म्हणतो धड. प्रत्येकाकडे कारण आहे. मग धन्वंतरी सगळ्यांना खोडून काढतो: सर्व अंगे एकाच वेळी होतात, सूक्ष्मपणामुळे दिसत नाहीत एवढेच, जसे कोवळ्या आंब्यात कोय, गर, केसर असतात पण वेगळे कळत नाहीत, जसा बांबूचा कोंब. या उताऱ्याचा आपण अभिमान बाळगतो आणि बाळगावाही. पाच मते नावानिशी नोंदवून मग आपले मत द्यायचे, ही शिस्त आजच्या टीव्हीवरच्या चर्चेला परवडणारी नाही. ‘एकच अवयव बाकीच्यांचा जनक’ हे धन्वंतरीने नाकारले, तेही योग्यच. पण ‘आहेच, फक्त दिसत नाही’ हे उत्तर हॅलरचेच आहे. ते खोडायला सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी लागणार होती.

ती कास्पार फ्रीडरिश वोल्फकडे होती. पंचविशीत, 1759 मध्ये, त्याने प्रबंधातून हॅलरच्या पक्षाला आव्हान दिले. हॅलरने ते फेटाळले. वोल्फला जर्मनीत प्राध्यापकी मिळाली नाही. तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तेथे 1768-69 मध्ये त्याने कोंबडीच्या आतड्याच्या घडणीवर लॅटिनमध्ये दीर्घ निबंध छापला. उबवलेली अंडी वेगवेगळ्या तासांना फोडून त्याने पाहिले. आतड्याच्या जागी सुरुवातीला नळीच नव्हती, सूक्ष्म नळीही नव्हती. होता तो एक सपाट पापुद्रा. त्याच्या कडा दुमडल्या, जवळ आल्या, जुळल्या, आणि नळी झाली. एखादी वस्तू फार लहान असल्यामुळे दिसत नसेल तर ती पुढे मोठी होऊन त्याच आकारात दिसली पाहिजे. येथे आधी दिसला तो वेगळाच आकार. ‘सूक्ष्म होते म्हणून दिसले नाही’ ही पळवाट तेथे बंद झाली. वोल्फने या सगळ्यामागे एक ‘मूलशक्ती’ कल्पिली होती, ती आज कोणी मानत नाही. पण पापुद्र्याची नळी होते हे कोणालाही अंडे फोडून पाहता येते.

निबंध चार दशके धूळ खात पडला. 1812 मध्ये योहान फ्रीडरिश मेकेलने त्याचे जर्मन भाषांतर केले, तेव्हा लोकांनी तो वाचला. हा मेकेल म्हणजे तोच, ज्याच्या नावाची एक पिशवी शंभरातल्या सुमारे दोन माणसांच्या लहान आतड्यावर आढळते. ती कसली, तर आतडे आणि बलकाची पिशवी यांना गर्भात जोडणारी जी नळी असते, तिचा न विरघळलेला अवशेष. म्हणजे हॅलरने पाहिलेली सलगता अगदी खरी होती. तिचा अर्थ मात्र उलटा निघाला. आतडे बलकाच्या पिशवीशी जोडलेले असते, कारण त्या पिशवीच्याच छताचा भाग आत ओढला जाऊन आतडे तयार होते. प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या बाजूने उभा राहावा, याहून पक्के खंडन नसते.

माणसाचेही असेच. (येथे आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांचा आकडा दोनाने जास्त असतो.) तिसऱ्या आठवड्याअखेर भ्रूण म्हणजे तीन थरांची चपटी चकती असते. चौथ्या आठवड्यात नाडी ओढलेल्या बटव्यासारख्या तिच्या कडा खालच्या बाजूला गोळा होतात आणि सर्वांत आतल्या थराची नळी बनते. बटव्याचे तोंड जेथे आवळले जाते, तेथे पुढे बेंबी. ही नळी दोन्ही टोकांना बंद असते. तोंडाकडचा पडदा चौथ्या आठवड्याच्या अखेरीस फाटतो, गुदाकडचा त्यानंतर काही आठवड्यांनी. याला छोटा माणूस म्हणायचे असेल तर त्याला तोंड नाही, गुद नाही आणि छातीत फुफ्फुसही नाही.

फुफ्फुस येते कोठून? सुश्रुताने ते रक्ताच्या फेसापासून झाले असे म्हटले. कापलेल्या फुफ्फुसाकडे पाहिले तर कल्पना सुचण्याजोगीच आहे. प्रत्यक्षात ते अन्नमार्गातून येते. चौथ्या आठवड्यात, घशाच्या किंचित खाली, अन्ननळीच्या पुढच्या भिंतीला एक कोंभ फुटतो. तो खाली वाढतो, दुभंगतो, पुन्हा दुभंगतो. त्याच वेळी कोंभ आणि मूळ नळी यांच्यामधल्या खाचा जवळ येतात आणि एका नळीच्या दोन होतात: पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. आयुष्यभर घास आणि श्वास एकाच घशातून जातात आणि जेवताना बोलले की ठसका लागतो, त्याचे मूळ येथे आहे. नव्याने आराखडा काढणाऱ्याने अशी जोडणी केली नसती.

मधल्या आतड्याची गोष्ट तर याहून अचाट. सहाव्या आठवड्यात यकृत इतके झपाट्याने वाढते की पोटात जागा उरत नाही, आणि आतड्याचा वळसा बेंबीतून बाहेर, नाळेत जातो. तेथे तो स्वतःभोवती नव्वद अंश फिरतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येताना आणखी एकशेऐंशी अंश. समोरून पाहता घड्याळाच्या उलट्या दिशेने एकूण 270 अंश. मोठ्या आतड्याचा काही भाग आडवा, लहान आतड्यावरून का जातो, याचे उत्तर या प्रदक्षिणेत आहे. फुफ्फुसाचे काम तर जन्मानंतरही चालू राहते. बहुतेक वायुकोश बाळपणीच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. नुसते मोठे व्हायचे असते, तर हा खटाटोप कशाला?

आता नवा पूर्वपक्ष, जो जरा शिकलेला आहे. तो म्हणतो: ठीक, छोटा माणूस नसेल, पण जनुकांत सगळे लिहिलेले असतेच ना? ‘लिहिलेले’ म्हणजे बाकीच्या कशाची गरज नाही असा अर्थ असेल, तर तेही टिकत नाही. त्या सुरुवातीच्या नळीच्या सर्व पेशींत जनुके तीच. पुढच्या बाजूला शेजारच्या ऊतींकडून इशारे येतात म्हणून एनकेएक्स 2.1 हे जनुक जागे होते आणि त्या पेशी श्वासमार्गाच्या होतात. मागच्या बाजूला सॉक्स 2 वरचढ राहते आणि त्या अन्ननलिकेच्या. शेजार बदला, पेशीचे भवितव्य बदलते.

याहून ठसठशीत पुरावा केपटाऊनचा. काही बाळांचे लहान आतडे मध्येच तुटलेले असते. ते घडायचेच राहून गेले असावे, असा समज होता. 1955 मध्ये लाऊ आणि बर्नार्ड या तेथील शल्यचिकित्सकांनी गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधल्या आणि पिल्ले पुन्हा गर्भाशयात ठेवली. आतडे व्यवस्थित तयार झालेले होते, जनुके निर्दोष होती. तरी जन्माला आलेल्या पिल्लांत आतडे तुटलेले सापडले. रक्तपुरवठा मध्येच तुटला की झालेले आतडेही नाहीसे होते. (हा बर्नार्ड म्हणजे 1967 मध्ये पहिले हृदय-प्रत्यारोपण करणारा.) फुफ्फुसाचेही तसेच. गर्भातले फुफ्फुस स्वतः द्रव पाझरवते आणि त्याच्या दाबाने वाढते. श्वासपटलाला भोक राहून आतडी छातीत चढली तर फुफ्फुस खुरटते. अशा काही गर्भांच्या श्वासनलिकेत बारीक फुगा बसवून द्रव कोंडला की फुफ्फुस वाढते. डाव्या बाजूचा दोष तीव्र असलेल्या बाळांवरच्या 2021 सालच्या चाचणीत जगण्याचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. नियती लिहून ठेवलेली असती, तर फुग्याने ती बदलली नसती.

‘सातमाशा जगतो, आठमाशा दगावतो’ ही म्हणही याच कुळातली. सुश्रुताने आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे कारण दिले. ग्रीकांतही हीच समजूत होती. फुफ्फुस मात्र महिन्यांचा असा शकुन पाळत नाही. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ साधारण सहाव्या महिन्यात तयार होऊ लागतो आणि पुढे दर आठवड्याला त्याचा साठा वाढतच जातो. तो अपुरा असला की अपुऱ्या दिवसांची बाळे धापा टाकून मरतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवले. ‘पण आठमाशी मुले जातात हे आम्ही पाहिले आहे.’ पाहिले असेल. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक 1963 मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि 39 तासांत गेला. तो सातव्या महिन्यात जन्मला असता तर बहुधा एवढाही टिकला नसता. आज आईला वेळेवर स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते, बाळाला सर्फॅक्टंट देता येतो, आणि त्या दिवसांची बहुतेक बाळे घरी जातात. राहिली धडधाकट, तीन किलोंची सातमाशी मुले. त्यांच्या बाबतीत गर्भाचे दिवस मोजण्यापेक्षा लग्नाची तारीख पाहावी, हे जुन्या सुइणींना चांगले ठाऊक असे.

आता आईकडे वळू. मूल जर आधीच पुरे घडलेले असेल, तर दोष घेऊन जन्मलेल्या बाळाचे कोणीतरी बिघडवले असले पाहिजे. मग चौकशी सुरू होते: ग्रहणात भाजी चिरली होतीस का? पपई खाल्लीस का? जड उचललेस? अन्ननलिका आणि श्वासनलिका वेगळ्या होण्याचे काम चौथ्या-पाचव्या आठवड्यातले. पाळी चुकून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने तेथे काय व्हायचे? यावर विचारले जाईल, मग आईच्या वागण्याने काहीच होत नाही का? होते. थॅलिडोमाइड या औषधाने हजारो मुलांचे हातपाय आणि काहींची आतडीही बिघडवली. आवाक्याबाहेर गेलेला मधुमेह घातक ठरतो. पण ही कारणे औषधाच्या चिठ्ठीत आणि रक्ताच्या तपासणीत सापडतात, पंचांगात नाही.

या समजुतीचे दुसरे फळ म्हणजे ‘नशिबातच होते’ म्हणून हात झाडणे. अन्ननलिका तुटलेले बाळ जन्मताच ओळखू येते: तोंडाला सारखा फेस, पुसला तरी पुन्हा येणारा, पहिला घोट दिला की ठसका आणि निळेपणा, तोंडातून घातलेली नळी दहाएक सेंटिमीटरवर अडते आणि एक्स-रेमध्ये वेटोळे करून बसलेली दिसते. 1930 च्या दशकापर्यंत अशी बाळे जगतच नसत. 1941 मध्ये मिशिगनला कॅमेरॉन हाइटने एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही टोके जोडली आणि बाळ जगले.

आतड्याची प्रदक्षिणा अर्धवट राहिली, तर ते कधीही पिळवटू शकते. पहिल्या महिन्यातल्या बाळाला हिरवी उलटी झाली, तर घुटी, ग्राइप वॉटर, दृष्ट यांत रात्र घालवू नये. पीळ पडलेले आतडे काही तासांत मरते. त्यावर बोस्टनच्या विल्यम लॅडने 1936 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आजही केली जाते, आणि ‘मूळ आराखडा’ मानणाऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहावे. शल्यचिकित्सक पीळ सोडवतो, आडवे आलेले बंध कापतो, पण अर्धवट राहिलेली प्रदक्षिणा पुरी करत नाही. लहान आतडे उजवीकडे, मोठे डावीकडे, असे ठेवून पोट शिवतो. मूल खाते-पिते, वाढते. अपेंडिक्स तेवढे सहसा त्याच वेळी काढून टाकतात, कारण ते आता डाव्या बाजूला गेलेले असते आणि पुढे कधी सुजले, तर तपासणारा डॉक्टर उजवीकडे दाबत बसेल.