सगळ्यालाच ‘ॲसिडिटी’ म्हणू नका

आपल्या घरांत पोटाच्या वरच्या भागातल्या प्रत्येक तक्रारीला एकच नाव आहे, ॲसिडिटी. जळजळ झाली, चार घासांत पोट भरले, अन्नावरची वासना उडाली, सगळ्यांवर मेडिकलमधून आणलेली तीच गोळी. बायका तर ती वर्षानुवर्षे घेतात आणि डॉक्टर ‘रमजाननंतर’, ‘मुलीच्या निकाहनंतर’ असा पुढे ढकलतात. (उर्दूत जठराला ‘मेदा’ म्हणतात आणि मराठीत मेद म्हणजे चरबी, दोन्ही भाषा शिकणारी मुले इथे हमखास अडखळतात. घरी मात्र ‘पेट’ या एका शब्दावर सगळे भागते, आणि तिथेच घोळ होतो.)

कारण जठराचा कर्करोग ही बहुतेकदा वाढलेल्या आम्लाची नाही, तर आटत गेलेल्या आम्लाची कहाणी असते. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्याच कोणाकडून पोटात येतो. स्वतःभोवती अमोनिया तयार करून तो आम्लातही तग धरतो. वर्षानुवर्षे अस्तराला सूज राहते, आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, काही ठिकाणी अस्तर आतड्यासारखे होऊ लागते. मग जठररस सौम्य होतो, त्यात एरवी न टिकणारे दुसरे जंतू वस्ती करतात आणि नायट्रेटपासून कर्करोगाला पोषक रसायने बनू शकतात. रक्तातले पेप्सिनोजेनचे प्रमाणही घटते. या झिजेचा अंदाज घ्यायला ते मोजतात. म्हणजे जळजळ थांबली म्हणून पोट बरे झाले, असे समजू नये.

पूर्वी अल्सरचे खापर तिखटावर आणि चिंतेवर फोडले जाई. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू दाखवला, तेव्हा डॉक्टरांचाही विश्वास बसेना. 1984 मध्ये मार्शल स्वतःच तो जंतू प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल मिळाले. त्याआधीच, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरवले होते.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. घाबरण्याचे कारण नाही. पण जंतूला साथ देणाऱ्या गोष्टी आपल्या हातात आहेत. धूम्रपान, खारवून टिकवलेले अन्न, अतिरेकी मीठ. मिझोराममध्ये, जिथे या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे, तिथल्या अभ्यासांत धुरावलेले-खारवलेले मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी, ज्याला तिथे तुइबुर म्हणतात, यांचा संबंध दिसला. आपल्याकडे बोट नेहमी बिर्याणीकडे जाते. रोजच्या ताटातले खारे सुके मासे आणि लोणचे निवांत सुटतात. आणि अब्बांच्या बिडीबद्दल तर दस्तरखानावर कोणी बोलतच नाही.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची सरकारी तपासणी होते. आपल्याकडे रुग्ण कमी, तशी मोहीम परवडणारी नाही, हे मान्य. म्हणूनच लक्षणे दिसताच जाणे जास्त गरजेचे. कारण नसताना वजन घटणे, काळी शौच, वारंवार उलटी, गिळायला त्रास, गोळ्या घेऊनही न भरून येणारे हिमोग्लोबिन, किंवा आईवडील-भावंडांपैकी कोणाला हा आजार झालेला असणे, यांपैकी काही असेल तर एंडोस्कोपी करावी की नाही हे पोटाच्या डॉक्टरांना थेट विचारा. बाईचे हिमोग्लोबिन कमी म्हणजे ‘अशक्तपणा’ असे घरीच ठरवून मोकळे होऊ नका.

एक व्यवहाराची गोष्ट. जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली, तर तुम्ही रोज घेता ती ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना आधी दाखवा. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ म्हणू शकतो. उपचार सुरू झालाच तर अँटिबायोटिकचा कोर्स बहुधा चौदा दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेली पाकिटे कपाटात ठेवू नका, आणि जंतू गेला का, याची तपासणी कधी करायची ते त्याच भेटीत विचारून घ्या.