विद्या कीं वेठ ?

गेल्या महिन्यांत कलाविषयक एका परिसंवादास श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. व्यासपीठावर एका डिझाइन स्टुडिओचे चालक होते. पुस्तकांचीं मुखपृष्ठें, मालाचीं वेष्टनें, संस्थांचीं बोधचिन्हें, जाहिराती अशीं कामें करणारा हा स्टुडिओ दरवर्षीं कांहीं तरुण मुलामुलींना 'इंटर्न' म्हणून घेतो. त्यांना विद्यावेतन कां देत नाहीं, असें एका मुलीनें भीत भीत विचारलें. चालक हंसून म्हणाले, "आमचा स्टुडिओ हें गुरुकुल आहे. येथें येणारानें काय मिळतें हें विचारूं नये. काय शिकतां येतें तें पाहावें." सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ती मुलगी खालीं बसली.

त्या टाळ्यांत माझेहि हात मिसळले असते. परंतु त्याच्या पंधराच दिवस आधीं एक गृहस्थ माझ्याकडे येऊन गेले होते. तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत शिक्षक असलेल्या या गृहस्थांचा मुलगा माझा विद्यार्थी. पदवीनंतर त्यानें अक्षरलेखनाचा ध्यास घेतला आणि मींच दिलेलें शिफारसपत्र घेऊन तो मुंबईच्या दुसऱ्या एका स्टुडिओंत गेला. अकरा महिने तो तेथें राबला. सकाळीं दहापासून रात्रीं नऊपर्यंत तो छायाचित्रांतील नको असलेला भाग पुसून काढी, एकाच जाहिरातीचीं पंधरा मापें करी आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मजकुराच्या चुका दुरुस्त करी. इतक्या काळांत त्याच्या अक्षरांकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. खोलीचें भाडें आणि खाणावळीचे पैसे वडील पाठवीत. "सर, आतां दुसरीकडे पत्र द्या, पण या वेळीं पगाराचें कांहीं लिहा," एवढेंच ते म्हणाले. तेव्हां पहिल्या पत्राखालची माझी सही मला आठवली. प्रस्तुत लेख त्या सहीचें प्रायश्चित्त आहे.

प्रथम वादाचा मुद्दा स्पष्ट करणें अवश्य आहे. स्टुडिओंत शिक्षण होत नाहीं, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. उलट ही विद्या चार भिंतींच्या वर्गांत पुरतेपणीं शिकवितांच येत नाहीं. देवनागरींत दोन ओळींचें शीर्षक मांडावयाचें झालें, तर वरच्या ओळींतील उकार आणि खालच्या ओळींतील वेलांट्या, मात्रा व रफार एकमेकांवर आदळतात. अंतर वाढवावें तर शीर्षकाचीं दोन शकलें होतात; कमी करावें तर तें वाचवत नाहीं. रोमन अक्षरांसाठीं बांधलेलें माप येथें उपयोगी पडत नाहीं. 'र' आणि 'व' दाटीनें लिहिले कीं 'ख' चा भास होतो आणि 'रवा' हा शब्द 'खा' असा वाचला जातो. हें पुस्तकांत एका वाक्यांत सांगतां येईल. परंतु किती मोकळें सोडलें म्हणजे शब्द तुटत नाहीं आणि त्याचा 'खा' हि होत नाहीं, हें शेजारीं बसलेल्या जाणत्यानें पेन्सिलीनें खूण करून दाखविल्यावांचून कळत नाहीं. चांगल्या स्टुडिओचें खरें विद्यादान तें हेंच: जाणता काम करीत असतां पाहणें, आपलें काम त्याच्यापुढें ठेवणें, आणि तें कां फसलें हें त्याच्या तोंडून ऐकणें.

आपल्या मुद्रणाचा इतिहास याला साक्ष आहे. जावजी दादाजी चौधरी यांस शाळा फारशी लाभली नाहीं. लहानपणींच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं खिळे घासण्याच्या कामावर लागले. तेथें काम करतां करतां ते अक्षराचे पारखी झाले. १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या कौशल्यानें घडलेलें निर्णयसागरी अक्षर पुढें संस्कृत ग्रंथांच्या रूपानें देशभर गेलें. या कथेंत एक बारीकसा तपशील आहे, तो आमच्या गुरुकुलवाद्यांनीं लक्षांत घ्यावा. खिळे घासणाऱ्या त्या पोराला, अल्प कां होईना, पगार होता.

आजचे स्टुडिओचालक उठतां बसतां ज्या बाउहाउसचें नांव घेतात, तिचीहि हकीकत पाहावी. वॉल्टर ग्रोपियस यांनीं १९१९ सालीं जर्मनींतील वायमार येथें ती स्थापिली. आरंभींच्या काळांत तेथील कार्यशाळेंत रूपाचा एक आणि हस्तकौशल्याचा एक, असे दोन गुरु असत. विद्यार्थी उमेदवार म्हणून शिरे, आणि त्याच्या शिक्षणाचे टप्पे ठरलेले असत. हर्बर्ट बायर तेथें विद्यार्थी म्हणून आला, आणि १९२५ सालीं संस्था डेसाउ येथें गेल्यावर मुद्रण व जाहिरातकलेच्या कार्यशाळेचा प्रमुख झाला. तेथें कंदिलांचे आणि पतंगांचे उत्सवहि होत. सहजीवनाची हौस कांहीं आजच्या शुक्रवारच्या मेजवान्यांनीं शोधून काढलेली नाहीं. परंतु उत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशीं तेथें शिकविणारा हजर असे. नाझींच्या दडपणामुळें १९३३ सालीं ही संस्था मिटली. तरी अवघ्या चौदा वर्षांत तिनें विद्यार्थ्यांतून गुरु निर्माण केले.

आणखी जवळचें उदाहरण हवें असेल तर र. कृ. जोशी यांचें घ्यावें. जाहिरातीच्या धंद्यांत मुरलेले हे कवि व अक्षरकार १९८३ पासून पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक आरेखनाच्या केंद्रांत शिकवूं लागले. संगणकावर आपण ज्या 'मंगल' अक्षरांत वर्षानुवर्षें मराठी वाचीत आलों, तीं अक्षरें त्यांच्या हातचीं. २००८ सालीं ते गेले. परंतु देवनागरीच्या वळणाचा शास्त्रशुद्ध विचार करणारी माणसें त्यांच्याभोंवतीं तयार झालीं होतीं. शिकविणाराची कसोटी हीच: त्याच्यामागें काम जाणणारीं माणसें राहतात कीं नुसतीं वापरून टाकलेलीं ?

आतां गुरुकुलाच्या युक्तिवादाकडे वळूं. गुरुगृहीं शिष्य गाई राखी, समिधा आणी, हें खरें. पण तो गुरूच्या घरीं जेवे, निजे, आणि दक्षिणेचा प्रश्न विद्या पुरी झाल्यावर येई. शिष्यानें आणलेल्या समिधा गुरूंनीं बाजारांत विकल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं. स्टुडिओंत तर नवशिक्यानें केलेलें काम गिऱ्हाइकाच्या बिलांत चढतें. ज्या कामाचें बिल होतें तें काम म्हणजे धंदा. आणि धंद्यांत राबणाऱ्यास वेतन देणें हा उपकार नव्हे. 'आपण सारे एक परिवार आहों' हें वाक्य तर मला विशेष संशयास्पद वाटतें. कुटुंबांत धाकट्याला आधीं वाढतात. येथें धाकट्याच्या ताटांत कांहींच पडत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, लहान स्टुडिओंना हें परवडत नाहीं. गिऱ्हाइकें सहा सहा महिने पैसे थकवितात, जागेचें भाडें मात्र थांबत नाहीं. ही अडचण खरी आहे आणि ती सोसून चोख वागणारे कांहीं स्टुडिओ मी पाहिले आहेत. परंतु परवडत नसेल तर पांचांऐवजीं एकालाच घ्यावें, दिवसभराऐवजीं चार तासच बोलवावें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें विद्यावेतनाचें तत्त्व या देशांत मान्य केलेलें आहे. सर्वच लहान धंद्यांवर त्याची सक्ति नाहीं, हें मान्य. पण कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेला मनुष्य नीतीच्याहि कक्षेबाहेर गेला, असें होत नाहीं.

तिसरा आक्षेप अगदीं अलीकडचा. संगणकच आतां क्षणांत चित्र काढून देतो. मग नवशिक्याचा उपयोग काय, आम्ही त्याला ठेवतों हेंच पुष्कळ, असें म्हणतात. ठीक आहे; हमाली जर यंत्र करूं लागलें, तर मुलांना राबविण्याची सबबच उरली नाहीं. उरलें तें फक्त शिकविणें. तें करावयाचें नसेल तर दारावरची 'गुरुकुल' ही पाटी काढावी.

परंतु सारा दोष स्टुडिओवाल्यांच्या माथीं मारणें अप्रामाणिकपणाचें होईल. आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय या व्यवहाराचे भागीदार आहों. दादर-पार्ल्यास स्वतःचें घर असलेला बाप मुलाला वर्षभर फुकट राबूं देतो आणि त्याला 'अनुभव' म्हणतो. त्याचें निभतें. पण सांगोल्याहून किंवा खेडहून आलेल्या मुलीनें काय करावें ? तिच्या हातांत कितीहि चांगलें वळण असलें तरी मुंबईच्या खोलीचें भाडें त्या वळणानें भागत नाहीं. ती दोन महिन्यांत परत जाते, आणि मराठी अक्षर घडविण्याचा अधिकार ज्यांना बापाच्या पैशावर थांबतां येतें त्यांच्याकडेच राहतो. आणि आम्ही प्राध्यापक ? इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा कागद आला कीं आम्ही गुण देऊन मोकळे होतों. त्या काळांत मुलानें काय केलें, त्याला कोणी काय दाखविलें, हें आम्ही विचारीत नाहीं. आमच्या या आळसावर दुसऱ्यांचे धंदे चालतात.

यास उपाय अवघड नाहीं. मुलाला घेण्यापूर्वीं स्टुडिओनें तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: दरमहा किती रुपये देणार, आठवड्यांतून किती वेळ त्याचें स्वतःचें काम पाहून दुरुस्त करणार, आणि कोण करणार, व त्याच्या हातचें काम प्रसिद्ध झाल्यास त्याचें नांव देणार कीं नाहीं. खऱ्या गुरूला हें लिहून देण्यास दहा मिनिटें लागणार नाहींत. जो टाळाटाळ करील त्याचें गुरुत्व किती खरें, हें आईबापांनींच ठरवावें.

माझ्यापुरतें मीं ठरविलें आहे. असा कागद पाहिल्यावांचून कोणत्याहि स्टुडिओच्या नांवें मी यापुढें शिफारसपत्र देणार नाहीं. त्या शिक्षकांच्या मुलासाठीं दुसरें पत्र लिहिलें, तेव्हां पगाराचा प्रश्न पहिल्याच परिच्छेदांत घातला. उत्तर अजून आलेलें नाहीं. परिसंवादांत खालीं बसलेल्या त्या मुलीचें नांव मला ठाऊक नाहीं. परंतु तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याला उत्तर मिळालें नव्हतें, एवढें तिला कोणींतरी सांगावयास हवें होतें. त्या दिवशीं मीं तें सांगितलें नाहीं. म्हणून येथें लिहिलें.