सदऱ्यावर मोबाइल चार्ज होणार नाही



कार्बन नॅनोनलिका मिसळलेल्या प्लास्टिकचा सदरा अंगाच्या उष्णतेवर मोबाइल चार्ज करील, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे हिशेबात बसत नाही. त्वचा ३३ अंश आणि खोली २८ अंश सेल्सियस धरली, तर कमाल कार्यक्षमताच पावणेदोन टक्क्यांच्या आत येते. शिवाय पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो हे सांगणारा गुणांक (झेडटी) बिस्मथ टेल्युराइड या नेहमीच्या पदार्थाचा साधारण १. टेक्सासमधील २००८च्या प्रयोगात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट आणि नलिकांच्या मिश्रणाचा सुमारे ०.००६! पुढे सुधारणा झाल्या, हे खरे. तो प्रयोगही मोलाचाच : नलिका एकमेकींना टेकतात तिथून वीज पार होते, उष्णता मात्र अडखळते. म्हणून विद्युतवाहकता कितीतरी वाढूनही उष्णतावहन जवळपास प्लास्टिकइतकेच राहते. मनगटावरच्या छोट्या सेन्सरपुरते पत्रलेखक म्हणाले असते, तर हे पत्र लिहिलेच नसते.

– एक वाचक