उजेड खालून येतो

वासुदेव गायतोंडे यांच्या १९७९ सालच्या एका चित्राला डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, तेव्हा माझ्या एका कापडव्यापारी स्नेह्यांनी विचारले होते, "साहेब, असले चित्र तुमची बँक तारण म्हणून घेईल काय? त्यात आहे तरी काय?" उत्तर मलाही ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी हेच शेठजी चिंतातुर होऊन आले. धाकट्या चिरंजीवांना पेढी नको, जे.जे. कला महाविद्यालय हवे होते. मुलाला चार शब्द समजावण्याऐवजी मी दोघांनाही मुंबईतील एका प्रदर्शनात नेले.

तेथे गायतोंडे यांचे पिवळ्या छटांचे एक चित्र होते. ना माणूस, ना झाड; मधे काही पुसट आकार, अक्षरांसारखे, पण वाचता न येणारे. गायतोंडे स्वतः जे.जे.चे, १९४८ चे पदविकाधारक. 'अमूर्त' हा शब्द त्यांना मानवत नसे; आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, पात्याने तो खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत.

मी हे सांगत होतो, पण शेठजींचे लक्ष माझ्याकडे नव्हते. चाळीस वर्षे गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडणारा तो माणूस. पिवळ्याच्या शंभर छटा त्यांना बोटांनी कळतात; माझ्यासारख्या आकडेमोड्याला ती दृष्टी कुठली? "ही हळद नव्हे," ते पुटपुटले. "रंग वरून दिलेला वाटत नाही, उजेड खालून येतो." थोड्या वेळाने, अगदी हळू म्हणाले, "आई गेली त्या दुपारी ओसरीवर असाच उजेड होता."

मुलगा चमकून वडिलांकडे पाहू लागला. आजीविषयी त्यांच्या तोंडून त्याने कधी अवाक्षर ऐकले नव्हते. चित्रात आजी नव्हती, ओसरीही नव्हती. तिचे व्यक्तिचित्र असते तर शेठजींनी नाकडोळे ताडून पाहिले असते आणि 'छान' म्हणून ते पुढे गेले असते, असे मला वाटते. येथे ताडून पाहण्यासारखे काहीच नव्हते. म्हणून तीस वर्षे गिळलेले दुःख त्या रिकाम्या पिवळ्यात वर आले.

बाहेर पडताना मी सांगितले, की कापसाचे व्यापारी जहांगीर निकोल्सन यांच्या संग्रहातही गायतोंडे आहेत आणि तो संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. शेठजींनी नुसती मान हलवली.

परतीच्या गाडीत कर्जत येईपर्यंत कोणी बोलले नाही. मग त्यांनी मुलाला विचारले, "त्या जे.जे.ची वर्षाची फी किती?"