लाल बावट्याच्या कारभाऱ्यांना 2 ऑगस्टपर्यंत मुदत

शेतकरी कामगार पक्षाच्या नेत्यांनो,

येत्या 2 ऑगस्टला पक्षाचा वर्धापन दिन आहे. मंडप पडेल, हार येतील, शेतकरी-कामगारांच्या राज्याच्या घोषणा होतील. त्या दिवसापर्यंत तुम्हाला मुदत आहे. ही मुदत देणारे आम्ही कोण, ते आधी ऐका.

आम्ही पेण, उरण, अलिबागच्या खारेपाटातली माणसं. तीन पिढ्या मत कुणाला द्यायचं यावर आमच्या घरात चर्चा झाली नाही. लाल बावटा म्हटलं की विषय संपायचा. माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत दोन वस्तू एकावर एक ठेवलेल्या आहेत. एक आजोबांच्या नावचा 32 म चा, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचा दाखला, घडीवर फाटलेला, मागून खळ लावून पुन्हा चिकटवलेला. दुसरा लाल बावटा, कडा उसवलेला, उन्हाने विटकरी झालेला. आजीने त्या एकत्र ठेवल्या, कारण तिच्या लेखी बावट्यामुळे दाखला मिळाला होता. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पावसाळ्यानंतर ती दोन्ही वस्तू उन्हात घालायची आणि दुपारभर त्यांच्याजवळ बसून राहायची. मी लिहिते आहे ते त्या पेटीच्या वारसाहक्काने.

तुमच्यातल्या तरुण पुढाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते, हा दाखला कुणी फुकट दिलेला नव्हता. 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी शपथ घेतली की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्या संपात उतरली. भाताची खाचरं सहा वर्षं पडीक राहिली. पोटासाठी माणसं जंगलातून लाकूडफाटा आणून विकत होती, खाडीत मासे धरत होती, मिळेल तिथे मजुरीला जात होती. अर्धेलीचं भात खोताच्या अंगणात ओतण्यापेक्षा उपास बरा, असं ठरवलेली ती माणसं होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, पुढे 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. मग 1939 चा कूळ कायदा, 1948 चा कायदा, आणि 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. चरीचा संप पक्षाच्या जन्माआधीचा. पण या जिल्ह्यात पक्ष रुजला तो त्या पडीक ठेवलेल्या खाचरांतच.

पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले ते एका सरळ कारणासाठी. स्वातंत्र्य आलं, पण राज्य शेटजी-भटजींच्या आणि सावकाराच्या हातून सुटलं नाही, असं त्यांना दिसत होतं. 1950 साली मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला अधिवेशन भरलं आणि तिथल्या प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादाची दिशा दिली. कष्ट करणाऱ्याची सत्ता, मधल्या दलालाला रजा, हा त्या दिशेचा अर्थ शेतातल्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पक्षाला गळती तेव्हाही लागली. 1954 साली खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले, मोरेही गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात आमची वजाबाकी होत राहिली. तरीही 1967 साली विधानसभेत पक्षाचे 19 आमदार होते, 1978 साली 13 होते. 2014 साली 3 उरले. 2019 साली 1 आणि 2024 साली 1. या आकड्यांचं खापर तुम्ही पैशावर, जातीवर, यंत्रांवर फोडता. आमचं म्हणणं वेगळं आहे. जेधे गेले ते उघडपणे गेले. तुम्ही पक्षात राहून पक्ष सोडलात, आणि ते जास्त घातक ठरलं.

खारेपाटाबाहेरच्या माणसाला वाटतं की बांध उधाणाने फुटतो. आम्हाला माहीत आहे, उधाण शेवटी येतं. आधी खेकडा बीळ करतो. भरतीचं पाणी त्या बिळातून करंगळीएवढं आत येतं आणि ओहोटीला माती घेऊन बाहेर जातं. ज्याची पाळी असेल त्याने रोज बांधावरून फिरून ते बीळ पायाने दाबायचं, चिखल भरायचा, एवढंच काम. त्याने आठ दिवस आळस केला की पुढच्या अमावास्येला खांड जाते आणि दोनशे एकरांत खारं पाणी शिरतं. मग तीन-चार वर्षं भात होत नाही. तुमच्याकडे बांध राखायचं काम होतं. बिळं कुठे कुठे पडली ते आता नावागावानिशी सांगते.

रायगड लोकसभेपासून सुरू करू. 2009 साली तुम्ही शिवसेनेच्या अनंत गीत्यांना मतं द्यायला सांगितलं. 2014 साली गीते नकोत म्हणालात आणि राष्ट्रवादीतून आलेला उमेदवार उभा केलात. 2019 साली त्याच राष्ट्रवादीच्या सुनील तटकऱ्यांचा प्रचार करायला सांगितलंत. 2024 साली पुन्हा गीते. कार्यकर्त्याने दर पाच वर्षांनी त्याच दारात जाऊन उलटं बोलायचं, आणि ते का, हे त्याला कुणी सांगायचं नाही. मावळात 2014 साली तुम्ही लक्ष्मण जगतापांना पक्षाची उमेदवारी दिलीत. ते वर्ष सरायच्या आत ते भाजपचे आमदार झाले. दाभाडीचा प्रबंध मानणाऱ्या पक्षाची उमेदवारी ही अशी उसनी द्यायची वस्तू होती का? युती करू नका असं आम्ही म्हणत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष सगळ्यांबरोबर होता आणि आमच्या घरातल्या बायकासुद्धा त्या सभांना पायी गेल्या. पण तेव्हा कशासाठी एकत्र आलो ते शेंबड्या पोराला सांगता येत होतं.

दुसरं बीळ घराण्याचं. अलिबागमध्ये एकाच घरातली बहीण आमदार झाली, मग भाऊ आमदार झाला, 2024 ला सुनेला उमेदवारी मिळाली, आणि सरचिटणीसपदही त्याच घरात. नारायण नागूंच्या घराण्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो पुसता येणार नाही. पण खोती ही वंशपरंपरेची चीज होती, म्हणून तर तिच्याविरुद्ध संप झाला. सांगोल्यातही गणपतराव देशमुखांच्या नातवाने जागा परत मिळवली, याचा आनंद आहे. खुद्द गणपतरावांचा मात्र विचार करा. अकरा वेळा निवडून आलेला माणूस, एसटीने फिरणारा, 2021 मध्ये गेला तेव्हा विरोधकसुद्धा ओक्साबोक्शी रडले. दुष्काळी तालुक्यात त्यांनी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. तसा माणूस आडनावातून येत नाही, बांधावर पाळी केल्यातून येतो. आज पक्षात ती पाळी कोण करतो? पेणमध्ये दोनदा पक्षाचा आमदार झालेला नेता 2023 मध्ये भाजपमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी राज्यसभेत पोचला. जुलै 2024 मध्ये सरचिटणीस विधान परिषदेची निवडणूक हरले, मतं पडली बारा. मित्रपक्षांनी दगा दिला असं सांगण्यात आलं. दगा मित्राने दिला तर दुखतं हे खरं, पण त्या बारा मतांच्या आधी आमची किती मतं तुमच्यापासून गेली होती, ती कधी मोजलीत?

आणि कर्नाळा नागरी सहकारी बँक. त्यावर बोलताना आवाज चढतो, चढू दे. पक्षाचे माजी आमदार अध्यक्ष असलेली ही बँक. त्यांना 2021 च्या जूनमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने अटक केली आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, तो मी देत नाही. पण त्या बँकेत पैसे ठेवणारे कोण होते हे पनवेल-उरणच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. जमीन गेल्यावर हाती आलेला मोबदला, मुलीच्या लग्नाची रक्कम, निवृत्तीची पुंजी. लोकांनी व्याजाचा दर बघून पैसे ठेवले नव्हते, बावटा बघून ठेवले होते. विम्याने ज्यांचे पैसे मिळाले त्यांचे मिळाले. पण पक्षाने, पक्ष म्हणून, त्या ठेवीदारांपुढे उभं राहून एकदा तरी मान खाली घातली का?

सगळ्यात खोल बीळ जमिनीचं आहे. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला आणि आमच्या गावांचा भाव मुंबईत बोलला जाऊ लागला. उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली 124 गावं, 323 चौरस किलोमीटर, नव्या नगरासाठी एमएमआरडीएच्या हाती सोपवण्यात आली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओटीवर एक एजंट येऊन बसला. चहा घेतला, मोबाइलवर नकाशा उघडला आणि माझ्या आजोबांच्या खाचरावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे असंही जाणारच आहे, आत्ता सही केलीत तर दर मिळेल." तो कुणाचा माणूस ते मी लिहिणार नाही. मला त्याचा राग आला नाही, तो त्याचा धंदा करत होता. पण तो गेल्यावर मी फोन हातात घेतला आणि कुणाला लावावा ते सुचेना. माझ्या आजोबांना अशा वेळी कुठे जायचं ते झोपेतसुद्धा माहीत होतं.

त्यांनाच नव्हे, या पट्ट्यात सगळ्यांनाच ते माहीत होतं. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि नवघरच्या परिसरात दोन दिवस गोळ्या चालल्या, पाच माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उभा राहिला. शेवटी दि. बा. पक्षाबाहेर गेले, तेही तुमच्या हिशेबात धरा. महामुंबई सेझ आलं तेव्हा ऐंशीकडे झुकलेले एन. डी. पाटील काठी टेकत बांधावर आले. सप्टेंबर 2008 मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी सरकारी जनमत चाचणीत मतं टाकली. रिलायन्ससारखी कंपनी समोर असताना गावं हटली नाहीत, आणि सेझ गुंडाळावं लागलं. कोल्हापूरच्या टोलविरोधातही तोच म्हातारा रस्त्यावर होता. हे सगळे तुमच्या भिंतीवरच्या फोटोत आहेत. त्यांच्याकडे पाठ करून बसू नका.

आता अटी.

2 ऑगस्टच्या आत तालुका चिटणीसापासून सरचिटणीसापर्यंत प्रत्येक पदाधिकाऱ्याने गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या, घरच्यांच्या आणि भागीदारांच्या नावे घेतलेल्या-विकलेल्या जमिनींची यादी, गट नंबरांसह, आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. भरावाचे ठेके, खडीचे क्रशर, डंपर, सगळं त्यात आलं पाहिजे. ज्याला ते जमणार नाही त्याने पद सोडावं. शेतकऱ्याची जमीन विकून देणारा शेतकऱ्याच्या पक्षाचा चिटणीस राहू शकत नाही, यावर आमच्याशी वाटाघाट होणार नाही.

124 गावांत गावोगाव बसा. निवेदन देतानाच्या फोटोने आता भागणार नाही. प्रत्येक ग्रामसभेचा ठराव घ्या, होकार असो वा नकार, आणि तो ठराव हीच पक्षाची भूमिका हे लेखी द्या. कर्नाळा बँकेच्या ठेवीदारांची पनवेलमध्ये भर सभेत माफी मागा. एका घरात एकच पद. उमेदवार तालुक्याच्या सभासदांच्या उघड सभेत ठरेल, आणि ज्याला पक्षात येऊन पुरती पाच वर्षं झाली नाहीत त्याला उमेदवारी नाही. युती कुणाशी करायची ते अधिवेशन ठरवेल, कुणाच्या बंगल्याचा दिवाणखाना नव्हे.

यातली एकही गोष्ट नवी नाही. दाभाडीला बसलेल्या माणसांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

तुम्ही म्हणाल, पक्ष आधीच खिळखिळा झालाय, त्यात घरच्यांनीच घाव घालायचा का? या प्रश्नाने मीही रात्री जागून काढल्या आहेत. पक्ष संपला तर आमची जागा कोण भरून काढणार आहे, ते आम्हाला दिसतं. ते सगळे आजच ओटीवर चहा पिऊन जातात. म्हणूनच मुदत देतो आहोत, नाहीतर गुपचूप दुसरीकडे शिक्का मारून मोकळे झालो असतो, जसे आमच्यातले कितीतरी झाले. त्यांना गद्दार म्हणण्याआधी त्यांच्या घरी जाऊन या.

मुदत टळली तर काय होईल तेही ऐका. 2 ऑगस्टला तुमच्या मंडपात आम्ही नसू. सभासदत्वाच्या पावत्या एका पाकिटात घालून पक्ष कार्यालयात पोचवू, त्याची पोच घेऊ. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिथे जिथे आमचा माणूस उभा राहू शकतो तिथे तो तुमच्याविरुद्ध उभा राहील, आणि पडला तरी पुढच्या वेळी पुन्हा उभा राहील. बावटा मात्र परत करणार नाही. तो तुमच्या कार्यालयातून आलेला नाही.

27 ऑक्टोबरला आम्ही चरीला जमणार आहोत. येताना प्रत्येकाने आपल्या घरचा सातबारा आणायचा आहे. तिथे एक वही उघडली जाईल, आणि जो जमीन विकणार नाही असं लिहून सही किंवा अंगठा देईल त्याचं नाव तीत चढेल. तोवर अटी पाळल्या गेल्या असतील तर त्या वहीत पहिली सही सरचिटणीसांनी करावी, आम्ही जागा मोकळी ठेवू. नसतील, तर पहिला अंगठा खारेपाटातल्या कुणातरी म्हातारीचा असेल.